डब्यावर वैर, आत सोयरीक

दिवाळी अंकात ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं चित्र घडवणाऱ्या भागावर, मी एक छोटं टिपण लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना विचारायचं होतं ते एकच: एनव्हिडिया, एएमडी, इंटेल या चिपवाल्या कंपन्या एकमेकींच्या वैरी की भागीदार? गोव्यात म्हापशाला संगणकाचं दुकान चालवताना मी हा धंदा माल विकणाऱ्याच्या आणि दुरुस्त करणाऱ्याच्या जागेवरून पाहत आले. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढची उत्तरं वाचताना ते लक्षात राहील. या धंद्यात नुसत्या शत्रूमुळे बुडालेल्या कंपन्या कमी. जोडीदाराशी बिनसल्यामुळे खाली आलेल्या जास्त.

प्रश्न: ताई, मी साखळीला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर घालण्याचं जाहीर केलं. इंटेल स्वतः आर्क नावाची ग्राफिक्स कार्डं बनवते. मग प्रतिस्पर्ध्याला पैसे का द्यायचे? आणि आता आर्क बंद पडेल का?

उत्तर: पहिल्या प्रश्नाचं उत्तर परवान्यात दडलंय. आपल्याकडची विंडोजची बहुतेक मशीन एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवर चालतात. तो बनवायचा हक्क व्यवहारात इंटेल आणि एएमडी या दोघींकडेच आहे. ग्राफिक्समध्ये कितीही पुढे गेली तरी एनव्हिडिया या दारात बाहेरच उभी होती.

यावरून त्यांची कोर्टबाजीही झाली आहे. एनव्हिडिया पूर्वी इंटेलच्या प्रोसेसरसाठी चिपसेट बनवायची, म्हणजे मदरबोर्डवरच्या सगळ्या भागांचा एकमेकांशी व्यवहार सांभाळणारी चिप. इंटेलने नव्या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीशी देवघेव सांभाळणारा भाग, आतच घेतला आणि जुना परवाना या प्रोसेसरना लागू नाही असं म्हणत २००९ मध्ये दावा लावला. एनव्हिडियाने उलट दावा ठोकला. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली आणि इंटेलने सहा वर्षांत मिळून १.५ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. दोघींनी एकमेकींची पेटंट वापरायची मुभा दिली. पण एक्स८६ त्यातून वगळलं. इंटेलने पैसे मोजले, किल्ली मात्र स्वतःकडेच ठेवली.

आता २०२५ चा करार वाच. इंटेल एनव्हिडियाच्या डेटा सेंटरसाठी खास एक्स८६ प्रोसेसर बनवणार, आणि पीसीसाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स जोडलेल्या एक्स८६ चिप काढणार. जे कोर्टात मिळालं नाही, ते भागीदारीत मिळालं. इंटेलला त्या वेळी पैशाचीही गरज होती आणि मोठ्या गिऱ्हाइकाचीही. दोघींचंही अडलं होतं, म्हणून जमलं.

आर्कचं म्हणशील, तर इंटेलने तेव्हा सांगितलं की आपली ग्राफिक्सची कामं चालूच राहतील. कंपनीच्या नुसत्या शब्दावर मी विसंबत नाही, त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंटेलने एक अजब चिप जाहीर केली होती. एकाच पाटीवर इंटेलचा प्रोसेसर आणि त्याला लागून एएमडीचं रेडिऑन ग्राफिक्स. दोन जुने वैरी एका पाटावर बसले म्हणून सगळीकडे कौतुक झालं. त्याच आठवड्यात एएमडीच्या ग्राफिक्स विभागाचे प्रमुख राजा कोडुरी इंटेलमध्ये गेले, इंटेलची स्वतःची कार्डं उभी करायला. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंटेलने ती जोडचिप बंद करत असल्याचं कळवलं. ज्यांनी त्या चिपची महागडी छोटी मशीन घेतली होती, ते नवीन ड्रायव्हरसाठी, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, कधी इंटेलच्या तर कधी एएमडीच्या तोंडाकडे पाहत बसले. भागीदारी मोडली की पहिली झळ बसते ती माल विकत घेतलेल्याला. म्हणून आरटीएक्स जोडलेल्या इंटेल चिपचा लॅपटॉप उद्या बाजारात आला, तर दुकानदाराला आधी विचार की ड्रायव्हर कोण देणार आणि किती वर्षं.

आर्क टिकावं असं मला मनापासून वाटतं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं त्यांचं बी५८० हे कार्ड १२ जीबी मेमरीसह २४९ डॉलरला ठेवलं होतं. इतकी मेमरी त्या भावाला द्यायला बाकी दोघी तयार नव्हत्या. बाजारात तिसरा माणूस असला की असा फरक पडतो.

प्रश्न: मी मडगावचा, वय पंचेचाळीस. शाळेत असताना मित्राच्या घरी व्हूडू कार्डावर गेम पाहिला आणि डोळे दिपले. तेव्हा व्हूडूवाल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या पुढे कोणी नव्हतं. चार-पाच वर्षांत कंपनी नाहीशी झाली. नेमकं काय झालं? आमच्यात अजून वाद होतो.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला खूप आनंद झाला, कारण माझं मत ज्या गोष्टीतून बनलं ती हीच. तेव्हा सविस्तरच सांगते.

१९९६ च्या पहिल्या व्हूडूला नुसतं थ्रीडीच यायचं. विंडोजचा साधा पडदा दाखवायला मशीनमध्ये दुसरं टूडी कार्ड लागायचंच. मागून एक आखूड केबल टूडी कार्डातून निघून व्हूडूत शिरायची आणि मॉनिटरची वायर व्हूडूला लागायची. गेम नसला की व्हूडू चित्र तसंच पुढे सोडायचं, गेम सुरू झाला की स्वतः ताबा घ्यायचं. ऑर्किड कंपनीच्या कार्डावर ही अदलाबदल रिले, म्हणजे विजेवर हलणारा छोटा स्विच, करायचा, त्यामुळे गेम उघडताना कॅबिनेटमधून ‘टक्’ असा आवाज यायचा. ती केबल जराशी ढिली असली की पडद्यावर सावल्या पडायच्या. मॉनिटर बिघडला म्हणून गिऱ्हाईक तो उचलून आणायचं आणि आम्ही मशीनच्या मागचे दोन स्क्रू आवळून द्यायचो.

मुद्दा असा, की थ्रीडीएफएक्स फक्त चिप विकायची. कार्ड बनवायचं काम ऑर्किड, डायमंड, क्रिएटिव्ह यांच्यासारख्यांचं. जाहिरात त्यांनी करायची, दुकानदाराला उधारी त्यांनी द्यायची, बिघडलेलं कार्ड त्यांनी परत घ्यायचं. व्हूडूचं नाव जगभर पोचलं ते या लोकांच्या पाठीवर बसून.

मग डिसेंबर १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. मेक्सिकोतला तिचा कारखाना हाती आला. यापुढे व्हूडूची कार्डं आपणच बनवू, सगळा नफा आपल्याकडेच राहील असा हिशेब. कागदावर तो चुकीचा दिसत नाही. पण काल जे जोडीदार होते ते एका दिवसात प्रतिस्पर्धी झाले. त्यांच्याकडे कामगार होते, दुकानदारांचं जाळं होतं, फक्त चिप नव्हती. चिप द्यायला एनव्हिडिया तयारच होती. क्रिएटिव्हसारख्या कंपन्या एनव्हिडियाच्या टीएनटी२ चिपची कार्डं विकू लागल्या. १९९९ च्या शेवटी तिचं जीफोर्स २५६ आलं, तेव्हा ते लोकांपर्यंत पोचवणारी माणसं एनव्हिडियाच्या बाजूला उभी होती. थ्रीडीएफएक्सच्या नव्या चिपना उशीर होत गेला हे खरं, आणि तुमच्या वादात तो मुद्दा कोणीतरी काढत असणारच. पण चिपला उशीर सगळ्यांनाच होतो. अशा वेळी आधीचा माल खपवून तग धरायला मदत करतात ते जोडीदार, आणि ते थ्रीडीएफएक्सने आपल्या हाताने दूर लोटले होते. डिसेंबर २००० मध्ये तिची पेटंट, नाव, तंत्र हे सगळं एनव्हिडियानेच विकत घ्यायचं ठरलं.

याच्या उलट गोष्ट एनव्हिडियाच्या लहानपणातली. १९९३ मध्ये जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम यांनी ती काढली. १९९५ ची पहिली चिप एनव्ही१ थ्रीडी आकार वक्र पृष्ठांनी घडवायची. मायक्रोसॉफ्टने विंडोजवरच्या गेमसाठी डायरेक्टथ्रीडी हे थ्रीडीचं मानक आणलं आणि सगळा बाजार त्रिकोणांनी आकार घडवण्याकडे वळला. त्या वेळी एनव्हिडिया जपानच्या सेगाच्या गेम मशीनसाठी त्याच जुन्या पद्धतीची पुढची चिप बनवत होती. हुआंग यांनी सेगाचे शोइचिरो इरिमाजिरी यांना सरळ सांगितलं की आमची वाट चुकली आहे, तुम्ही दुसरा पुरवठादार बघा, पण ठरलेले पैसे मिळाले नाहीत तर आम्ही संपलो. इरिमाजिरींनी ते मान्य केलं. सुमारे ५० लाख डॉलरच्या त्या आधारावर एनव्हिडियाने १९९७ मध्ये रिवा १२८ ही चिप काढली आणि कंपनी सावरली. हुआंग हे आजही जाहीर भाषणात सांगतात. सेगाला त्या वेळी चिप मिळाली नाही. तरी एका माणसाने जोडीदाराला बुडू दिलं नाही, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं काम वाटतं.

पुढे एनव्हिडियाचंही जोडीदाराशी वाजलंच. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स गेम मशीनमध्ये तिची चिप होती. भावावरून मायक्रोसॉफ्टशी तंटा झाला, प्रकरण लवादाकडे गेलं, २००३ मध्ये मिटलं. पण २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये चिप एटीआयची होती, म्हणजे पुढे एएमडीत गेलेल्या ग्राफिक्स कंपनीची. २०१३ पासून एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन दोन्हींत एएमडी आहे.

प्रश्न: एएमडीच्या प्रमुख लिसा सू आणि एनव्हिडियाचे प्रमुख हुआंग नात्यातले आहेत असं ऐकलं. मग भाव घरातच ठरत असतील ना? – एक गृहिणी, वास्को

उत्तर: नातं आहे. हुआंग यांच्या आई या सू यांच्या आईच्या वडिलांच्या बहीण. म्हणजे हुआंग हे सू यांच्या आईचे आतेभाऊ, आपल्या हिशेबाने मामाच. पण दोघं एकत्र वाढलेले नाहीत आणि लहानपणी एकमेकांना ओळखतही नव्हते.

भावाच्या संगनमताचा संशय मात्र जुना आहे. २००६ च्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्याने दोन्ही कंपन्यांना समन्स पाठवून कागदपत्रं मागवली होती. तेव्हा सू एएमडीत नव्हत्याही. चौकशी २००८ मध्ये कारवाईविना बंद झाली. आजच्या महागाईचं कारण मला नात्यात दिसत नाही, एकाच कारखान्यासमोरच्या रांगेत दिसतं. त्याबद्दल पुढच्या पत्रात येतंच आहे.

प्रश्न: तैवानवर संकट आलं तर कोणत्या कंपनीची कार्डं मिळत राहतील? – पेडण्याहून एक निवृत्त शिक्षक

उत्तर: सर, नव्या कार्डांपुरतं बोलायचं तर कोणाचीच नाही. एनव्हिडियाच्या जीफोर्सची ५० मालिका, एएमडीच्या रेडिऑनची ९०७० आणि इंटेलचं बी५८०, तिघींच्याही चिप तैवानच्या टीएसएमसी या कंपनीच्या कारखान्यात तयार होतात. इंटेलचे स्वतःचे कारखाने असूनही आर्कसाठी ती तिथेच जाते. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्ये वेगळे काढून दिले. एनव्हिडियाकडे ते कधीच नव्हते. नव्वदच्या दशकात हुआंग यांनी टीएसएमसीचे संस्थापक मॉरिस चँग यांना पत्र लिहिलं आणि चँग यांनी स्वतः फोन केला. १९९८ पासून ती जोडी आहे. मधे, २०२० च्या ३० मालिकेसाठी, एनव्हिडिया सॅमसंगकडे गेली होती. पुढच्या मालिकेला परत आली.

या तिघींचं खरं वैर चालतं ते टीएसएमसीतल्या यंत्रांच्या तासांवर, आणि आता ते तास एआयच्या महागड्या चिपनी व्यापले आहेत. त्या एआय चिपना लागणारी एचबीएम ही वेगवान मेमरी मुळात एएमडी आणि कोरियाच्या एसके हायनिक्सने मिळून घडवलेली. एएमडीने २०१५ मध्ये ती घरगुती कार्डावर आणली, पुढच्याच वर्षी एनव्हिडियाने आपल्या डेटा सेंटरच्या चिपवर घेतली. आज त्या मेमरीवर सर्वांत जास्त कमाई एनव्हिडियाचीच आहे. ते तंत्र सगळ्यांसाठी खुलं मानक झालं, त्यामुळे एएमडीला तक्रार करायला जागा नाही.

प्रश्न: ताई, फोंड्याला आमचा गट शिगम्याचे चित्ररथ करतो. कमिटीला दाखवायला मी ब्लेंडर या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा रथ उभा करून फिरता व्हिडिओ देतो. एनव्हिडियाशिवाय ब्लेंडर चालत नाही असं सगळे म्हणतात. खरं का?

उत्तर: चालतं, पण असं लोक का म्हणतात तेही समजून घे. एनव्हिडियाने २००६-०७ पासून कार्डाकडून आकडेमोडीची कामं करून घेणारी कुडा नावाची स्वतःची प्रणाली सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती दिली, त्यांच्याबरोबर आपले इंजिनिअर बसवले, कॉलेजांतून शिकवली. प्रोग्रामरशी केलेली ही भागीदारीच तिचं सर्वांत मजबूत कुंपण आहे. एएमडीचं काम ओपनसीएल या तशाच पण खुल्या प्रणालीवर चालायचं. ब्लेंडरने डिसेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत ते काढून टाकलं आणि एएमडीसाठी हिप नावाचा नवा मार्ग आणला. इंटेलची सोय २०२२ मध्ये झाली. म्हणजे आज तिघींचीही कार्डं चालतात. रेंडरचा, म्हणजे रथावरून शेवटचं चित्र तयार करण्याचा, वेग मात्र त्याच पैशात बहुधा एनव्हिडियाचा जास्त मिळतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

पण तुझ्या पडद्यावर काय चालतं बघ. रेंडर झाल्यावर चित्रातले रवाळ ठिपके काढायला तू जो डीनॉइझ वापरत असशील, त्यातला ओपन इमेज डीनॉइझ इंटेलने बनवून फुकट दिलाय, आणि ब्लेंडर ४.१ पासून तो एनव्हिडियाच्या कार्डावरही पळतो. ब्लेंडरच्या विकास निधीला तिघींनीही पैसे दिले आहेत. दुकानाच्या काचेवर एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या कंपन्या तुझ्या एका फ्रेममध्ये शेजारी शेजारी काम करतात.

सल्ला म्हणशील तर वेगाच्या आधी मेमरी बघ. चित्ररथावर तू देवाची मूर्ती, झाडं, कापडाच्या झालरी, शंभर दिवे असं सगळं घालणार. ते कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर रेंडर एकदम मंदावतं किंवा मधेच बंद पडतं. ८ जीबीचं वेगवान कार्ड आणि १६ जीबीचं जरा हळू कार्ड समोर असेल तर तू १६ जीबीचं घे. रात्रभर रेंडर लावून सकाळी कमिटीसमोर जायचं असतं तेव्हा अर्ध्या तासाचा फरक चालतो, अर्धवट व्हिडिओ चालत नाही. आणि यूपीएस घे. आपल्याकडची वीज तुला सांगायला नको.

प्रश्न: कळंगुटला आमचं छोटं हॉटेल आहे, मुलासाठी गेमिंगचं मशीन घेतलं. दीड वर्षात डिस्प्ले बंद. डब्यावर एका कंपनीचं नाव, चिप दुसरीची, बिल तिसऱ्याचं. वॉरंटी कोणाकडे मागायची?

उत्तर: डब्यावर मोठ्या अक्षरात जिचं नाव आहे तिच्याकडे. एसस, एमएसआय, गिगाबाइट, सॅफायर, झोटॅक या कंपन्या चिप विकत घेतात आणि तिच्याभोवती पाटी, मेमरी, पंखे बसवून कार्ड करतात. चिप बनवणारी कंपनी तुमच्याशी थेट बांधलेली नसते.

या मधल्या लोकांबद्दल मला तळमळ आहे, कारण भागीदारीतला सगळा ताण त्यांच्यावर येतो. चिपचा भाव वर ठरतो, विक्रीचा भाव बाजारात ठरतो, आणि परत आलेलं कार्ड यांच्या माथी. अमेरिकेत ईव्हीजीए नावाची कंपनी होती, तिच्या वॉरंटीची लोक शपथ घ्यायचे. वीसेक वर्षं ती एनव्हिडियाचीच कार्डं करायची. सप्टेंबर २०२२ मध्ये तिने जाहीर केलं की यापुढे ग्राफिक्स कार्ड करणारच नाही. नव्या चिपचा भाव वेळेत कळत नाही, एनव्हिडिया स्वतःची कार्डं विकून आमच्याच समोर उभी राहते, अशा तिच्या तक्रारी होत्या. ती एएमडीकडेही गेली नाही, धंद्याचा तो भागच तिने बंद केला. थ्रीडीएफएक्सची गोष्ट वर लिहिली आहे, ती इथे पुन्हा वाचा. फरक इतकाच, की या वेळी रुसलेल्या जोडीदाराला चिप द्यायला तितकं ताकदवान दुसरं कोणी नव्हतं.

आता तुमचं कार्ड. कळंगुट म्हणजे समुद्र पायरीशी. क्लेमला पाठवण्याआधी कार्ड काढून उजेडात धरा. मागची लोखंडी पट्टी गंजली आहे का, स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पिनांवर हिरवट-काळा थर आहे का, ते बघा. आमच्याकडे किनाऱ्यावरून येणाऱ्या कार्डांवर हा थर नेहमीचा. बऱ्याचदा नुसतं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या मऊ कापडाने पिना पुसून, सुकवून कार्ड परत बसवलं की डिस्प्ले येतो. खोडरबराने घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. सील असेल तिथले स्क्रू उघडू नका.

एवढ्याने चालू झालं नाही तर सगळ्या बाजूंनी फोटो काढूनच कार्ड द्या. माझ्या एका गिऱ्हाइकाचं कार्ड सर्व्हिसला गेलं आणि “गंज आहे, वॉरंटी नाही” असा शेरा लागून परत आलं. जाताना पट्टी स्वच्छ असल्याचा फोटो आमच्याकडे होता, तो पाठवल्यावर बदली कार्ड मिळालं. कार्डावरचा सीरियल नंबर बिलावर लिहिलेला असला पाहिजे. नसेल तर दुकानदाराकडून आजच सही-शिक्क्यासह लिहून घ्या. गोव्यात त्यांचं केंद्र आहे की कार्ड कुरियरने बाहेर जाणार, आणि जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा, हे फोनवर न विचारता ईमेलवर विचारा. बदली कार्ड आल्यावर मशीन खिडकीपासून आणि एसीच्या थेट झोतापासून दूर ठेवा, आणि हॉटेलच्या बंद हंगामातही, पावसाळ्यात विशेषतः, ते रोज तासभर तरी चालू ठेवायला मुलाला सांगा.